जिन्याखालचा फोन

"कशी आहेस?" हा प्रश्न अमेरिकेत उत्तरासाठी विचारत नाहीत, हे मला तिथे पोचल्यावर आठवड्याभरात कळलं. माझ्या घरमालकिणीला ते चौऱ्याहत्तर वर्षांत कळलं नव्हतं. दुकानातल्या कॅशियरने विचारलं की ती पर्स काउंटरवर ठेवायची, खरोखर विचार करायची आणि म्हणायची, "गुडघा दुखतोय. मन मात्र कालपेक्षा बरं आहे." मागे रांग खोळंबायची. रांगेतली माणसं आधी घड्याळाकडे बघायची आणि मग माझ्याकडे, कारण पिशव्या माझ्या हातात असायच्या.

स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतलं गाव. नावात कॉलेज आहे आणि गावातही त्याखेरीज फारसं काही नाही. मी तिथे मातीवर संशोधन करायला गेले होते. अकोल्याच्या मातीतून उठायचं आणि पेनसिल्व्हेनियाच्या मातीवर प्रबंध लिहायचा, याला आमच्या घरी प्रगती म्हणत. इराकचं युद्ध सुरू होऊन काही महिने झाले होते. गाड्यांच्या मागे सैनिकांना पाठिंबा म्हणून पिवळ्या फितीची चुंबकं लागली होती, आणि ज्यांना नकाशावर इराक दाखवता आला नसता ते लोक त्याबद्दल फार खात्रीने बोलत होते.

तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत मुलुंडची केतकी. भाडं इतरांच्या निम्मं होतं. आम्हाला आधी वाटलं घरात काहीतरी भानगड असणार. भानगड होतीच. सरकारला द्याव्या लागणाऱ्या इन्कम टॅक्समधून बाँब विकत घेतले जातात, म्हणून टॅक्स लागू होईल इतकं कमवायचंच नाही, असं तिने आणि तिच्या नवऱ्याने व्हिएतनामच्या वेळी ठरवलं होतं. नवरा वारला तरी ठरलेलं चालूच होतं. डिसेंबरमध्ये, तिथलं करवर्ष संपताना, उत्पन्न त्या रेषेजवळ सरकायला लागलं की ती आमचं भाडं माफ करायची. केतकी म्हणायची, "यार, युद्ध अजून दोन वर्षं चाललं तर माझी गाडी होईल."

हीटर मात्र ती इतका खाली ठेवायची की आम्ही घरात टोप्या घालून अभ्यास करायचो. तेलापायी माणसं मरतायत, तर आपण तेल कमी जाळावं, असं तिचं म्हणणं. शांतता ही फार थंड गोष्ट आहे, हे माझं मत त्या हिवाळ्यात झालं आणि अजून बदललेलं नाही.

ती क्वेकर होती. हा ख्रिस्ती लोकांतला एक लहानसा पंथ. पुरोहित नाही, मूर्ती नाही, चित्र नाही, गाणं नाही. रविवारी सकाळी साध्या खोलीत खुर्च्या गोल मांडून तासभर गप्प बसायचं. कुणाला आतून काही आलंच तर उठून चार वाक्यं बोलायची आणि पुन्हा बसायचं. मी कुतूहलाने एकदा गेले. पंचेचाळीस मिनिटं मी वरणाला फोडणी कशाची द्यावी याचा विचार करत होते. मग एक गृहस्थ उठले, त्यांनी अंगणातल्या खारीबद्दल काहीतरी सांगितलं आणि बसले. कुणी हसलं नाही, कुणी मानही डोलावली नाही. ठराव करायचा असेल तरी हे लोक मतदान घेत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत थांबतात. आमच्या मंडळात गणपतीची आरास ठरवताना दोन गट आणि एक पोटगट पडलेला मी पाहिला होता, त्यामुळे मला हे अद्भुतच वाटलं.

पदव्या, मानाची संबोधनं यांचंही त्यांना वावडं. मीही तिला नावाने हाक मारावी असा तिचा आग्रह होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, मावशी म्हणते. तिने अर्थ विचारला, मी सांगितला. तिने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी न्याहारीला म्हणाली, "चालेल. हा मान नाही, हे नातं आहे." म्हणून ती मावशी.

आणि ती खोटं बोलत नसे. हे वाक्य आपण पुष्कळांबद्दल म्हणतो आणि त्यात आपलं थोडं खोटं असतं. हिच्याबाबतीत ते अक्षरशः होतं. हे लोक कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत. शपथ घेतली म्हणजे एरवी आपण खोटं बोलतो हे मान्य केल्यासारखं होतं म्हणे. मी भाड्यासाठी तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं होतं की छत गळतं, तळघरात उंदीर आहेत आणि ती स्वतः सहवासाला कठीण आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

जिन्याखाली एका स्टुलावर घरचा फोन होता. मोबाइलवर आलेल्या फोनचेही तेव्हा पैसे पडत, म्हणून आई अकोल्याहून त्या फोनवर करायची. आई शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे तिला कुणाशी बोलायची भीती नव्हती. एकदा माझा पेपर तोंडावर आलेला आणि आईचा फोन. लग्नाचा विषय निघणार हे मला आधीच माहीत होतं. मी जिन्यावरून मावशीला हातांनी खुणा केल्या, मी नाही म्हणून सांगा. मावशी फोनमध्ये शांतपणे म्हणाली, "ती इथेच जिन्यावर उभी आहे. तिला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये."

आई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने फोन केला आणि मी उचलल्यावर म्हणाली, "तुला काय विचारायचं ते मागाहून. आधी मावशींना दे." पुढची तीन वर्षं माझी खबरबात आईने मावशीकडूनच घेतली. मी जेवते का, झोपते किती, कुणाबरोबर फिरते. मावशीने सगळं खरं सांगितलं. माझ्या आयुष्यात माझ्या आईचा इतका विश्वास कुणी कमावला नाही, मी तर नाहीच.

दर बुधवारी दुपारी बारा ते एक मावशी आणि तिच्या सभेतले चार-पाच म्हातारे विद्यापीठाच्या दारासमोर उभे राहायचे. घोषणा नाहीत, पत्रकं नाहीत. एका पुठ्ठ्यावर तिच्या तिरप्या अक्षरात 'युद्ध नको' एवढंच. जाणाऱ्या गाड्यांतून कुणी हॉर्न वाजवायचं, कुणी शिव्या द्यायचं. एकदा कुणीतरी शीतपेयाचा भरलेला कागदी ग्लास फेकला. तो तिच्या छातीवर फुटला. तिने वाकून ग्लास उचलला, कचऱ्याच्या पेटीत टाकला आणि पुन्हा जागेवर येऊन उभी राहिली. मी समोरच्या फुटपाथवर तिचा थर्मास धरून उभी होते. मी व्हिसावर होते, आणि व्हिसा असला की भित्रेपणाला वेगळं कारण शोधावं लागत नाही. तिने मला कधी इकडे ये म्हटलं नाही. फक्त एकदा विचारलं, "तिथून आम्ही कसे दिसतो?" मी म्हटलं, थकलेले. तिला ते उत्तर आवडलं.

तिचं खरं काम मात्र मंगळवारी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चालायचं. सैन्यातून बाहेर पडू बघणारी माणसं तिथे यायची. तिथल्या सैन्यात सक्तीची भरती नाही. पण कॉलेजची फी मिळेल, दाताचा इलाज होईल म्हणून भरती झालेली गरीब घरची मुलं-मुली भरपूर होती. मावशी म्हणायची की भूक बोलावणं धाडते तेव्हा सरकारला धाडावं लागत नाही. मन युद्धाला तयार नाही, अशा कारणाने सुटका मागण्याची कायद्यात तरतूद आहे. पण अट अशी की माणसाचा सगळ्याच युद्धांना विरोध हवा. हे युद्ध नको, दुसरं चालेल, असं असेल तर अर्ज नामंजूर. अर्जासोबत ओळखीच्यांची पत्रं लागतात, मग एक अधिकारी चौकशी करतो. मावशीच्या पत्राला तिथे वजन होतं. तीस वर्षांत तिने काहीजणांना पत्र द्यायला साफ नकार दिला होता, आणि हे सैन्यातल्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं.

डॅना त्या टेबलाशी आली ती दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत. चोवीस-पंचवीस वर्षांची, सुपरमार्केटच्या बेकरीत कामाला, आदल्या दिवशीचे उरलेले पाव घेऊन यायची. फीसाठी सैन्याच्या राखीव दलात नाव घातलं होतं. चार वर्षांची मुलगी होती, ती अर्ध्या तासावरच्या खेड्यात डॅनाच्या आईकडे असायची. डॅना एकदा इराकला जाऊन आली होती. तिकडे इंधनाचा ट्रक चालवायची. आता पुन्हा बोलावणं येणार होतं.

मला ती प्रोफेसर म्हणायची. "काय प्रोफेसर, माती काय म्हणते?" मी म्हणायचे, अजून काही बोलली नाही. "मग तुला पगार कशाचा देतात?"

एवढी हसरी मुलगी, पण गाडीत बसण्याआधी प्रत्येक वेळी ती गाडीभोवती चक्कर मारून खाली वाकून बघायची. पावसात, बर्फात, कपडे ओले झाले तरी. का, ते तिने आम्हाला एकदाच सांगितलं. तिकडे ताफा थांबवायचा नाही असा हुकूम असायचा. रस्त्यात काहीही आडवं आलं तरी. एका गावातून जाताना चाकाखाली काहीतरी आलं. लहान होतं. आरशात बघायचं नाही असं तिने ठरवलं आणि बघितलं नाही. "कुत्रं असेल," ती म्हणाली आणि पावाचे तुकडे करत राहिली.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघी बटाटे सोलत होतो. डॅना सहज म्हणाली, "खरंखुरं युद्ध असतं ना, कुणी आपल्या घरावर चालून आलं असतं, तर मी आजही ट्रक काढला असता. पण हे नाही. हे मला पुन्हा जमणार नाही."

मावशीचे हात थांबले. "डॅना, हे मी ऐकलंय."

"ऐक की. तुला कोण विचारायला येतंय?"

मावशीने पत्र लिहिलं. मी ते माझ्या कॉम्प्युटरवर टाइप केलं, म्हणून मला पाठ आहे. त्यात डॅना पुन्हा त्या ट्रकवर बसली तर तिचं काय होईल, हे होतं. गाडीखाली वाकून बघण्याबद्दल होतं. सगळ्या युद्धांबद्दल अवाक्षर नव्हतं. माझ्या मते ते त्या बाईने लिहिलेलं सर्वात चांगलं पत्र होतं. एखाद्या मूर्ख अधिकाऱ्याला ते पुरलं असतं.

अधिकारी मूर्ख नव्हता. गुरुवारी दुपारी फोन वाजला तेव्हा मी जिन्यावर बसून बूट चढवत होते. मावशीने फोन घेतला, नाव सांगितलं, ऐकलं. होय, पत्र माझंच. होय, चांगली ओळखते. मग तिचा चेहरा बदलला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न मला ऐकू आला नाही, पण कळला. मी उठून उभी राहिले. मी मान हलवली, हात हलवले. आईचा फोन आला होता तेव्हा केल्या होत्या त्याच खुणा, त्याच पायरीवरून.

पलीकडून दोनदा हॅलो हॅलो ऐकू आलं.

"होय," मावशी म्हणाली. "एकदा तसं म्हणाली होती."

फोन ठेवून ती स्टुलाशेजारी उभीच राहिली. मी तोंडाला येईल ते बोलले. एका माणसाचा जीव आणि तुमचं पुण्य, यांत तुम्ही पुण्य निवडलंत, असंही बोलले. उत्तर देणार नाही एवढं तरी म्हणता आलं असतं, असं म्हटलं.

तिने नेहमीसारखा विचार केला. मग म्हणाली, "तेवढं म्हणता आलं असतं, हे खरं. मला ते सुचलं नाही. मला प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. सुचलं असतं तर म्हटलं असतं का, हेही मला माहीत नाही."

अर्ज नामंजूर झाल्याचं कळायला सहा आठवडे लागले. त्या फोननंतर पहिल्यांदाच डॅना पाव घेऊन आली. तिने कोट काढायच्या आत मावशीने सांगून टाकलं की फोन आला होता आणि आपण काय उत्तर दिलं. मला वाटलं डॅना ओरडेल. ती खुर्चीवर बसली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तुझ्या शब्दाला तिथे मान आहे म्हणून तर तुझ्याकडे आले होते. मग तुझ्यासमोर तोंड बंद ठेवायला हवं होतं. बटाटे मात्र चांगले झाले होते."

जाताना तिने गाडीभोवती चक्कर मारली, वाकून पाहिलं आणि मग गाडी सुरू केली. आम्ही खिडकीत होतो.

ती इराकला गेली त्याच्या सातव्या महिन्यात बातमी आली. ताफ्यात असताना तिने ट्रक थांबवला होता आणि खाली उतरली होती. बाँब रस्त्याच्या कडेला होता. का थांबली, ते कुणी कळवलं नाही. आमच्या घरात कुणी विचारलंही नाही.

अंत्यविधीला मी मावशीला गाडीने घेऊन गेले. लहानसं चर्च, त्याच्या ऐपतीबाहेरचा समारंभ. चकचकीत बुटांचे सहा जवान, बंदुकांच्या फैरी, घडी घातलेला झेंडा. एका अधिकाऱ्याने गुडघा टेकून तो झेंडा डॅनाच्या आईच्या मांडीवर ठेवला आणि कृतज्ञ राष्ट्राबद्दल एक वाक्य म्हटलं. वाक्य पाठ होतं, आणि ते त्याने त्या महिन्यात किती वेळा म्हटलं असेल, असा विचार माझ्या मनात आला. डॅनाच्या आईला झेंड्याचं काय करावं ते कळेना. तिने तो भाजीच्या पिशवीसारखा काखेत धरला.

बाहेर पडताना ती मावशीपाशी आली. जाड, थकलेली बाई, डॅनासारखेच दात. मावशीचे दोन्ही हात तिने हातात घेतले. "मुलीने मला सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "तू तिच्यासाठी होतं नव्हतं ते सगळं केलंस. पत्र लिहिलंस. त्यांनीच ऐकलं नाही. देव तुझं भलं करो."

मी मावशीकडे बघत होते. तिचे ओठ उघडले. ती आता सांगणार हे मला तीन वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. समोरच्याला कळू नये म्हणून जे गाळायचं तेही खोटंच, असं तीच म्हणायची. ओठ काही क्षण तसेच राहिले. मग तिने ते मिटले, आणि त्या बाईचे हात दाबले.

आम्ही गाडीपाशी आलो तेव्हा डॅनाची मुलगी तिथे होती. काळा फ्रॉक, पांढरे मोजे. ती चिखलात गुडघे टेकून आमच्या गाडीखाली बघत होती. उठली, हात झटकले आणि आम्हाला इंग्रजीत गंभीरपणे म्हणाली, "ओके, यू कॅन गो."

अर्ध्या वाटेत मावशी म्हणाली, "मी आज खोटं बोलले."

मी म्हटलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत.

"तेच." ती बाहेर बघत होती. "किती सोपं होतं गं. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं."

त्यानंतरच्या मंगळवारी दोन तरुण आले. तिने त्यांना चहा दिला, फॉर्म समजावून सांगितला, पण पत्र द्यायला नकार दिला. ते गेल्यावर मी कारण विचारलं. ती म्हणाली, माझ्या शब्दावर ते लोक विश्वास ठेवतात, आणि आता ठेवू नये. कुणाला हे माहीत नाही, असं मी म्हटलं. "मला आहे," ती म्हणाली. पुढे तिने एकही पत्र लिहिलं नाही. त्या दोघांचं काय झालं मला कळलं नाही. बुधवारी ती उभी राहत होती, थोडी वाकून. मी आता तिच्या बाजूच्या फुटपाथवर उभी राहायचे. त्याने काही झालं नाही, व्हिसालासुद्धा नाही.

माझा प्रबंध संपत आला होता. एका दुपारी मी जिन्यावर बसले होते. काही कारण नव्हतं. बेकरीवरून येताना पावाचा वास आला होता, एवढंच, आणि मला रडू आवरत नव्हतं. फोन वाजला. मावशी स्वयंपाकघरातून आली, तिने फोन उचलला. आई होती. पलीकडचा तिचा मास्तरणीचा आवाज मला पायरीपर्यंत ऐकू येत होता.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी कसलीही खूण केली नव्हती. माझे हात मांडीवर होते.

"ती घरी नाही," मावशी म्हणाली. "हो, मजेत आहे. जेवते व्यवस्थित."

आईने लगेच विश्वास ठेवला.